याद्विगाबाईंचा परिचय

आपल्या लोकांच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुणा नसेल तर कार्यक्रम झाला असं कुणी मानत नाही. आणि पाहुण्याचा परिचय करून दिला नाही तर पाहुणा आला असं कुणी मानत नाही, तो समोर खुर्चीवर हार घालून बसलेला असला तरी. त्यामुळे मार्च १९९६ मध्ये, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत, भानुदासकाकांच्या बेसमेंटमध्ये आमच्या जयंती कमिटीची मीटिंग भरली तेव्हा अजेंड्यावर दोनच विषय होते: पाहुणा आणि परिचय. तारखेचा वाद नव्हता. त्या वर्षी चौदा एप्रिल आपणहून रविवारी आली होती, आणि त्याचं थोडंसं श्रेय भानुदासकाका स्वतःकडे घेत होते.

काका मूळचे भंडारा जिल्ह्यातले, शिकले नागपूरला, वीस वर्षं अमेरिकेत. एका कंपनीत क्वालिटी मॅनेजर. कुठलीही गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. घराचं कुलूप लावून गाडीत बसले की परत उतरतात. आमच्या चौदा कुटुंबांचे आणि माझ्यासारख्या सात-आठ स्टुडंट्सचे ते न निवडलेले अध्यक्ष.

"मागच्या वर्षी डेंटिस्ट आणला," काका म्हणाले. "हिरड्यांवर पन्नास मिनिटं बोलला."

"बाबासाहेबांचं नाव घेतलं की एकदा," सुलभाकाकू म्हणाल्या. काकू कमिटीत नाहीत, कमिटी काकूंच्या मतात आहे. "शिस्तीवर बोलताना. दात घासायच्या."

"यंदा कोणीतरी बाहेरचं पाहिजे. विचार करणारं."

माझ्या तोंडात भजं होतं, त्यामुळे मी बेसावध होतो. म्हटलं, "आमच्या बिल्डिंगमध्ये एक पोलिश पत्रकार राहते."

तीन मिनिटांत ठराव पास झाला. चौथ्या मिनिटाला परिचयाचं काम माझ्या गळ्यात पडलं. "जन्म, शिक्षण, पुस्तकं, पुरस्कार," काका म्हणाले. "आणि प्रफुल्ल, सगळं दोनदा चेक कर."

तिचं नाव याद्विगा स्कोव्रोन. वय बासष्ट, अंगात बाराही महिने एकच राखाडी स्वेटर. ती मला बिल्डिंगच्या लाँड्री रूममध्ये भेटायची. ड्रायरमध्ये तिचे कपडे नसले तरी ती तिथे खुर्ची टाकून बसलेली असे. तिचं म्हणणं असं, की ज्याचे कपडे आत फिरतायत तो माणूस चाळीस मिनिटं कुठे पळू शकत नाही, म्हणून खरं बोलतो.

मी वही घेऊन गेलो. "जन्म?"

"एकोणीसशे चौतीस. तुझा?"

"एकाहत्तर."

"कुठे?"

"वर्ध्याला."

"घराचं दार कुठल्या दिशेला?"

ड्रायर थांबला तेव्हा माझ्या वहीत एक आकडा होता, आणि तिला माझ्या आजोबांच्या सायकलचा रंग कळला होता. दुसऱ्या खेपेला मी ठरवून गेलो की एकाही प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही. त्या दिवशी तिला मी पुण्यात पहिल्या नोकरीत तीन दिवस काय केलं ते समजलं, जे घरी अजून कुणाला माहीत नाही.

तरी चार खेपांमध्ये हळूहळू तिचं आयुष्य जमा झालं. एकोणिसाव्या वर्षी ती एका पोलादाच्या कारखान्याच्या साप्ताहिकात लागली. विटा रचण्याचा विक्रम करणाऱ्या एका गवंड्यावर लिहायला सांगितलं, तेव्हा ती आठवडाभर त्याच्या घरी जाऊन राहिली आणि लिहिलं, की घरी एका खोलीत सात जण असल्यामुळे या माणसाला कामावरून परतायची अजिबात घाई नसते, विक्रम त्यातून झाला. तिला कुक्कुटपालनाच्या सदरावर टाकण्यात आलं. कोंबड्यांबद्दलही तिने इतकं खरं लिहिलं की तिथूनही काढलं. मग वॉर्सातल्या एका साप्ताहिकात वीस वर्षं. मंत्र्यांना भेटायचं नाही, लहान गावांत जायचं, राहायचं, भांडी घासायची, ऐकायचं. एका स्टेशनवर अकरा वर्षं गाडी थांबत नव्हती, तरी स्टेशनमास्तर रोज टोपी घालून यायचा; ती त्याच्याशेजारी नऊ दिवस बसली. लेख छापून आल्यावर सरकारला लाज वाटली आणि गाडी थांबायला लागली. स्टेशनमास्तर तिच्यावर जन्मभर नाराज राहिला, कारण आता काम करावं लागत होतं.

डिसेंबर एक्क्याऐंशीत मार्शल लॉ आला, साप्ताहिक बंद पडलं. पुढची चार वर्षं ती एका थिएटरच्या दारात लोकांचे कोट सांभाळायची आणि चोरून छापल्या जाणाऱ्या कागदांत लिहायची. मग एकोणनव्वदमध्ये कम्युनिस्ट सरकार गेलं, सगळं मोकळं झालं. काहीही लिहा, कुणी विचारणार नाही. आणि इथेच गाडी अडली.

"चाळीस वर्षं मी भिंतीला धडका देत होते," ती म्हणाली. "कुणीतरी भिंत काढून नेली. मी तोंडावर पडले."

इथल्या युनिव्हर्सिटीने तिला वर्षभराची फेलोशिप दिली होती, ती तीस एप्रिलला संपणार होती. वॉर्सातल्या तिच्या पेपरला अमेरिकेवरचं रिपोर्ताज, म्हणजे तिथे राहून लिहिलेला लांब लेख, हवं होतं. तिने आतापर्यंत तीन पोस्टकार्डं पाठवली होती. नवा संपादक अठ्ठावीस वर्षांचा होता आणि त्याने कळवलं होतं, की मेपर्यंत लेख आला नाही तर तुमचं पान आम्ही राशिभविष्याला देतो. ती दोन वर्षांत एक ओळ लिहू शकली नव्हती.

"पुरस्कार?" मी विचारलं.

"एका महापौराने मला पोलिसांच्या गाडीतून गावाबाहेर सोडलं होतं. गाडी नवीन होती. ते लिही."

भाषणाला ती तयार झाली, पण एका अटीवर. "ज्यांना मी ओळखत नाही त्यांच्यासमोर बोलत नाही. आधी त्यांच्या घरी राहीन."

काकूंनी हे ऐकून फ्रीजर उघडला.

ईस्टर आटोपून सोमवारी याद्विगाबाई एक बॅग घेऊन काकांच्या घरी गेल्या. काकूंनी भंडाऱ्याकडचा मटणाचा रस्सा केला, वर बोटभर तर्री. मीही होतो. बाईंनी तीनदा घेतला. नाक लाल, डोळ्यांतून पाणी, आणि दर घासाला "ब्युटिफुल". मग काकांनी अमेरिकेतला आपला पहिला हिवाळा सांगायला घेतला, तो जरा रंगात आला आणि बाई उठून बाथरूममध्ये गेल्या. दहा मिनिटांनी फ्लशचा आवाज आला. परत आल्या, काकांनी पुढचं सांगितलं, परत गेल्या. काका बर्फात अडकलेल्या गाडीपर्यंत पोचेतो हे चार वेळा झालं. काकूंचा चेहरा दर फ्लशला एकेक पायरी उतरत होता.

मंगळवारी सकाळी लॅबमध्ये काकूंचा फोन.

"प्रफुल्ल, बाई गेली."

"कुठे?"

"बाथरूमला. उठल्यापासून पाच वेळा. माझ्या रश्श्याने झालं हे. बासष्ट वर्षांची बाई, लढाई बघितली, मार्शल लॉ बघितला, धडधाकट राहिली. आणि माझ्या घरी एक रात्र टिकली नाही."

"विचारा ना त्यांना."

"असं कसं विचारू? पाहुण्या बाईला पोटाचं विचारतात का? ओशाळेल ती."

तेव्हा कुणीच काही विचारलं नाही, आणि काकूंनी उपचार सुरू केले. बाईंना मऊ भात, फिकं वरण, ताक, रात्री ओव्याचं पाणी. आजारी माणसाला रोजच्या स्टीलच्या ताटात वाढणं बरं दिसेना, म्हणून अठ्ठ्याऐंशी साली सेलमध्ये घेतलेला सोनेरी काठाचा डिनर सेट पहिल्यांदा कागदातून बाहेर निघाला. त्यातलं एक ताट आणि एक पेला बाईंचा. तर्रीच्या वासाने त्रास नको म्हणून बाईंना साडेसहाला डायनिंग टेबलवर वाढायचं, आणि घरच्यांनी आठ वाजता किचनचं दार लोटून, हळू आवाजात जेवायचं. बाथरूमही एक त्यांना सोडून दिलं.

बाईंनीही काही विचारलं नाही. ती त्यांच्या कामाची रीतच होती. मुख्य प्रश्न कधी विचारायचा नाही, घर आपणहून सांगतं.

गुरुवारी मी परिचयाचा शेवटचा तपशील घ्यायला गेलो. बाई लांबलचक टेबलवर एकट्या, सोनेरी काठाच्या ताटात मऊ भात. पण चेहऱ्यावर तेज.

"इथे फार मोठं काहीतरी चाललंय," त्या मला कुजबुजल्या. "मी परत लिहायला लागले आहे."

मला आनंद झाला. मी किचनमध्ये जाऊन रस्सा खाल्ला.

शनिवारी दुपारी त्यांनी मला बेसमेंटमधल्या कॉम्प्युटरशी बसवलं आणि पाच पानं हातात दिली. उद्याचं भाषण, टाइप करायला. हेच पुढे वाढवून वॉर्साला जाणार होतं. मी वाचायला लागलो.

"पहिल्या दिवशी मी या घरात सगळ्यांसोबत जेवले. दुसऱ्या दिवसापासून माझं ताट वेगळं, पेला वेगळा, अन्न वेगळं, वेळही वेगळी. ते दार लोटून आत जेवत आणि मी बाहेर त्यांची कुजबूज ऐकत बसे. कारण कुणी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी मला उमगलं. अस्पृश्यता म्हणजे काय ते मी पुस्तकांत वाचून आले होते. या माणसाने मला पुस्तक दिलं नाही, ती गोष्टच दिली, एक शब्दही न बोलता. असा शिक्षक मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. मिस्टर भानुदास, आपले सर्वांसमोर आभार."

मी ते तीनदा वाचलं. उद्या, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी उभं राहून, सत्तर लोकांसमोर, प्रमुख पाहुण्या भानुदासकाकांचे जाहीर आभार मानणार होत्या, की त्यांनी घरी आलेल्या माणसाचं ताट वेगळं ठेवलं.

"याद्विगा," मी म्हणालो, "ते तुम्हाला काही शिकवत नव्हते. तुम्ही आजारी आहात असं त्यांना वाटतंय."

"मी? का?"

"तुम्ही सारख्या बाथरूममध्ये जाता."

"लिहायला जाते," त्या म्हणाल्या, जसं काही सगळेच जातात. मग त्यांनी समजावलं. मार्शल लॉच्या दिवसांत कुणासमोर वही काढली तर लिहिणारी सुटायची, बोलणारा अडकायचा. म्हणून ऐकायचं, डोक्यात धरायचं, बाथरूममध्ये जाऊन उतरवायचं. पंधरा वर्षांत सवय सुटली नाही.

"आणि फ्लश?"

"न करता बाहेर आलं तर संशय येतो."

वरच्या मजल्यावर काकू उद्याच्या पातेल्यात पळी फिरवत होत्या, तो आवाज येत होता. याद्विगाबाईंनी माझ्या हातातली पानं घेतली, एकावर एक नीट रचली.

"माझं लिहिलेलं कापलं गेलंय," त्या म्हणाल्या. "जप्त झालंय, जाळलंय. खोटं कधी ठरलं नव्हतं."

"मग उद्या पोलंडबद्दल बोला ना काहीतरी. हे राहू द्या. काकांना कळायलाच नको." मला खरंच तसं वाटत होतं. काकांना हे ऐकावं लागू नये एवढंच मला हवं होतं.

"नाही," त्या उठल्या. "ज्याच्याबद्दल चूक झाली त्याला विचारायचं असतं."

किचनमध्ये काका कांदे कापत होते आणि प्रत्येक फोड आधीच्या फोडीशी ताडून बघत होते. बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटतं तो त्यांच्या आयुष्यातला पहिला सरळ प्रश्न असावा.

"मिस्टर भानुदास, माझं ताट वेगळं का आहे?"

काका हसले. "बेस्ट प्लेट, मॅडम. गोल्ड रिम. आम्ही स्वतः कधी…"

मग त्यांची नजर दारातून डायनिंग टेबलवर गेली. आठ खुर्च्यांचं टेबल. एक खुर्ची बाहेर ओढलेली, एक ताट, एक पेला पालथा. सुरी थांबली.



"माझंही होतं," काका म्हणाले. "जर्मनचं ताट. मालकाच्या गोठ्यात, भिंतीच्या फटीत खोचलेलं. आई तिथे काम करायची, मी सोबत. जेवलं की मीच धुवायचं आणि मीच परत खोचायचं."

अ‍ॅल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात, मी बाईंना सांगितलं.

"आमच्याकडे जर्मन म्हटलं की वेगळं आठवतं," त्या म्हणाल्या. "पण समजलं."

"अहो, मी आजारी समजून केलं," काकू म्हणाल्या. "त्रास होऊ नये म्हणून."

"माहीत आहे ना. पण ताट वेगळं ठेवणाऱ्याकडे कारण नेहमीच असतं, सुलभा." काकांनी सुरी खाली ठेवली. "पाच दिवस. बाई तिकडे एकटी, आणि मी इथे दार लावून रस्सा ओरपत होतो. दोनदा सोड, एकदासुद्धा चेक केलं नाही मी."

काकूंनी गॅस बंद केला. हात पुसले. बाईंच्या अगदी जवळ गेल्या आणि इंग्रजीत विचारलं, "यू आर नॉट सिक?"

"नाही."

"पोट?"

"पोट उत्तम आहे," याद्विगाबाई म्हणाल्या. "मंगळवारपासून मला फक्त भूक लागली आहे."

काकूंनी आधी डोळ्यांना पदर लावला, मग गॅस परत चालू केला. दुपारचे साडेचार वाजले होते, ही कुठल्याच देशात जेवायची वेळ नाही. किचनमधल्या छोट्या टेबलवर चार स्टीलची ताटं आली. उद्याच्या सत्तर माणसांच्या पातेल्यातून पहिली पळी बाईंच्या ताटात पडली, तर्रीसकट. सोनेरी काठाच्या ताटात काकांनी कांद्याची सालं टाकली.

चौथ्या घासाला बाईंनी डोळे मिटले, काकांनी गोठ्यातल्या त्या गाईचं नाव सांगितलं, आणि बाई सवयीने खुर्चीवरून उठल्या.

"बसा," काका म्हणाले. "इथेच लिहा. या घरात कोणी पकडायला येत नाही. आलाच तर त्याला आधी जेवावं लागेल."

बाई उभ्याच राहिल्या. मग त्यांनी स्वेटरच्या आत हात घालून एक वही काढली, तळहाताएवढी, कोपरे गोल झालेली. ताटाशेजारी ठेवली. इकडे तिकडे बघितलं. आणि आमच्यासमोर लिहायला लागल्या. मध्येच एकदा त्यांनी बाहीने नाक पुसलं. काकूंना वाटलं तिखट लागलं, त्यांनी ताक पुढे केलं आणि लगेच मागे घेतलं. काकांनी वाकून बघितलं आणि बोट ठेवलं, "भानुदासमध्ये बीनंतर एच."

"उद्या मी हे काही बोलणार नाही," बाई म्हणाल्या.

"बोलायचं," काका म्हणाले. "आधी चुकीचं सांगा, मग बरोबर. दोन्ही. तसंच्या तसं."

"लोक काय म्हणतील?" काकू.

"म्हणू दे. खरंय ते."

रविवारी भाड्याने घेतलेल्या शाळेच्या कॅफेटेरियात कार्यक्रम झाला. वंदना झाली. मेणबत्ती लावायला शाळेची परवानगी नव्हती, म्हणून प्रमुख पाहुण्यांनी टेबललॅम्पचं बटण दाबून दीपप्रज्वलन केलं आणि लोकांनी गंभीरपणे टाळ्या वाजवल्या. मी बावीस मिनिटं परिचय करून दिला, कोंबड्यांसकट. त्या अकरा मिनिटं बोलल्या.

"या घरात माझं ताट वेगळं होतं," असं त्यांनी म्हटलं तेव्हा माना एकेक करून पहिल्या रांगेतल्या काकांकडे वळल्या. काका ताठ बसले होते, कान लाल. काकूंनी त्यांचा हात धरला होता, किंवा त्यांनी काकूंचा.

"पुढे सांगा," काका मोठ्याने म्हणाले.

त्यांनी पुढे सांगितलं. बाथरूम, वही, फ्लश, मऊ भात. आधी बायकांच्या बाजूने हसू फुटलं, मग सगळीकडे. मागच्या रांगेत आमच्या चौदा कुटुंबांतल्या सुमित्रामावशी पदरात तोंड खुपसून गदगदत होत्या. त्या हसत होत्या की रडत, ते त्यांच्या शेजारणीलाही ठरवता आलं नाही.

जेवणाच्या वेळी दोन रांगा लागल्या. एक जेवणाची आणि एक याद्विगाबाईंच्या टेबलापुढे, आणि दुसरी लांब होती. प्रत्येकाला आपल्या घरातल्या कुठल्यातरी ताटाचं, पेल्याचं, माठाचं सांगायचं होतं. इथे जन्मलेली पोरं मध्येच "वेट, रिअली?" म्हणून आपल्याच बापाकडे बघत होती. कॅफेटेरियाची वेळ संपली तेव्हा शाळेचा कस्टोडियन दिवे घालवायला आला, आणि थोड्या वेळाने तोही रांगेत उभा होता.

लेख अठ्ठावीस एप्रिलला काकांच्या ऑफिसमधून फॅक्स झाला, सतरा पानं. काकांनी प्रत्येक पान दोनदा पाठवलं.

जुलैमध्ये वॉर्साहून पाकीट आलं. अख्खं पान, वर याद्विगाबाईंचं नाव, मध्ये काकूंच्या किचनचा फोटो, आणि बाकी सगळं पोलिश. मग काका, काकू आणि मी नॉर्थईस्ट मिनियापोलिसला एका म्हाताऱ्या पोलिश खाटकाच्या दुकानात गेलो. त्याने चष्मा लावला, काउंटरवर पेपर पसरला आणि मोठ्याने इंग्रजी करून वाचायला लागला. मागे सॉसेज घ्यायला आलेली गिऱ्हाइकं थांबली, पण कुणी घाई केली नाही.

गोठ्याच्या भिंतीपाशी आल्यावर तो थांबला.

"यातले भानुदास कोण?"

काकांनी शाळेत हजेरीला करतात तसा हात वर केला. खाटकाने अ‍ॅप्रनला हात पुसले, काउंटरला वळसा घालून बाहेर आला, काकांचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला, आणि परत आत जाऊन वाचायला लागला. थोड्या वेळाने पुन्हा अडखळला.

"इथे काहीतरी छपाईची चूक आहे. लिहिलंय, एका पातेल्यात एकशेवीस सुक्या मिरच्या."

काकू काउंटरवर वाकल्या. त्या अख्ख्या पानात त्यांना वाचता येण्यासारखा तेवढा एक आकडाच होता. त्यांनी त्यावर बोट ठेवून तो नीट बघितला.

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "वाचा पुढे."